दुपारची वीज स्वस्त, मग बिल महाग का?

प्रश्न : सौरवीज युनिटमागे अडीच रुपयांना मिळते, अशा बातम्या काही वर्षं वाचतो आहे. देशाची निम्मी वीजक्षमता आता कोळशाविना झाली, असंही सरकार सांगतं. मग आमचं घरचं बिल चढतंच का राहतं? या स्वस्त विजेचा फायदा जातो कुठे? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : बातम्या खऱ्या आहेत आणि तुमची तक्रारही खरी आहे. २०१० साली राष्ट्रीय सौर अभियान सुरू झालं, तेव्हा पहिल्या लिलावात सौरविजेचा भाव युनिटमागे दहा रुपयांच्या वर होता. मे २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडला इथे तो २ रुपये ४४ पैशांवर आला आणि डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात १ रुपया ९९ पैशांपर्यंत उतरला. पण हा भाव कुठला, ते नीट पाहायला हवं. तो प्रकल्पाच्या कुंपणापाशी, ऊन असताना मिळणाऱ्या विजेचा भाव आहे. तुम्ही पैसे भरता ते रात्री साडेनऊला बार्शीतल्या तुमच्या घरात पंखा फिरतो त्या विजेचे. कुंपण ते पंखा या प्रवासात बरंच काही येतं, आणि त्या सगळ्याचा खर्च बिलात उतरतो.

बिल हातात घ्या आणि आकड्यांचा तक्ता वाचा. पहिली ओळ स्थिर आकाराची. एकही युनिट जाळलं नाही तरी हा भरावाच लागतो. मग वीज आकार. त्याखाली वहन आकार, म्हणजे खांब, तारा, रोहित्रं यांचं भाडं. युनिटमागे रुपयाहून जास्त रक्कम इथेच लागते. मग इंधन समायोजन आकार, म्हणजे इंधन महागलं की वाढणारी रक्कम, आणि शेवटी घरगुती ग्राहकाला १६ टक्के वीज शुल्क, जे राज्य सरकारच्या तिजोरीत जातं. सौरवीज स्वस्त झाली की परिणाम होतो तो यातल्या फक्त वीज आकारावर, आणि तिथेही महावितरण जिथून जिथून वीज घेतं त्या सगळ्यांची सरासरी लागते. त्या सरासरीत सूर्याचा वाटा अजून लहान आहे.

त्यात टप्प्यांचा फटका वेगळा. महिन्याला १०० युनिटची वेस ओलांडली की पुढच्या युनिटांचा दर दुपटीहून जास्त होतो. वाढीव दर फक्त वरच्या युनिटांना लागतो, पहिल्या शंभरांना नाही, एवढं ध्यानात ठेवा. पण दोन खोल्यांच्या घरातही एप्रिल-मे महिन्यांत कूलर आणि फ्रिज मिळून ही वेस सहज ओलांडतात. उन्हाळे जितके कडक होत जातील तितकी जास्त घरं वरच्या टप्प्यात जातील. दर एका पैशाने न वाढताही बिल वाढतं ते असं.

आता मूळ मुद्द्याकडे. वीज कंपनी औष्णिक प्रकल्पाशी करार करते तो साधारण पंचवीस वर्षांचा असतो, आणि त्यात पैशांचे दोन भाग असतात. एक, प्रकल्प उभारणीचा खर्च, कर्ज, व्याज आणि नफा यांपोटी द्यायची ठरलेली रक्कम. दुसरा, प्रत्यक्ष जाळलेल्या इंधनाचा. प्रकल्प वीज द्यायला तयार असेल, तर तुम्ही ती घ्या वा न घ्या, पहिला भाग द्यावाच लागतो. महिन्याच्या कराराने गाडी आणि चालक ठेवला, तर फिरलो नाही म्हणून पगार चुकत नाही, तसंच हे.

या करारांची किंमत महाराष्ट्राइतकी दुसऱ्या कुणी मोजली नसेल. गुहागर तालुक्यातल्या दाभोळ प्रकल्पासाठी एन्रॉनच्या कंपनीशी डिसेंबर १९९३ मध्ये करार झाला. ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये नाफ्थ्यावर सुरू झाला, आणि मे २००१ मध्ये वीज मंडळाने ती वीज घेणं थांबवलं, कारण परवडतच नव्हती. इंधन डॉलरमध्ये, वीज न घेतली तरी ठरलेली रक्कम द्यायचीच, आणि मागणीचा अंदाज फुगवलेला. पुण्याच्या ‘प्रयास’ या संस्थेने या कराराचं आकड्यांनिशी विश्लेषण करून धोक्याचे इशारे वेळेवर दिले होते. ते ऐकले गेले नाहीत.

दाभोळ हे टोकाचं उदाहरण वाटत असेल, तर गुजरातेतल्या मुंद्र्याचं बघा. २००६ साली तिथल्या ४,००० मेगावॉटच्या कोळसा प्रकल्पासाठी २ रुपये २६ पैशांची बोली जिंकली. तेव्हा सगळ्यांना ती वीज स्वस्तातली वाटली, आणि ती घेणाऱ्या पाच राज्यांत महाराष्ट्रही होता. कोळसा इंडोनेशियातून यायचा होता. २०१० मध्ये इंडोनेशियाने कोळशाच्या किमतीचे नियम बदलले आणि सगळा हिशोब कोसळला. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. परक्या देशाने कायदा बदलला म्हणजे दैवी आपत्ती आली असं नव्हे, असा निकाल २०१७ मध्ये लागला. पण त्यानेही प्रश्न सुटला नाही, कारण इंधनाचे पैसे कुणी तरी भरावेच लागतात. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर आयात कोळशाचा भाव टनाला ४०० डॉलरच्या वर गेला. देशात उन्हाळ्याची मागणी भडकलेली होती, म्हणून केंद्राने आयात कोळशावरचे प्रकल्प चालवण्याचे आदेश काढले. त्या काळात देशभरातल्या ग्राहकांच्या बिलात इंधन समायोजन आकाराची ओळ एकदम मोठी का झाली, याचं उत्तर या घडामोडींत आहे.

सौरविजेच्या बाबतीत हे होत नाही, आणि तिचा खरा गुण माझ्या मते हाच आहे. नुसत्या स्वस्ताईपेक्षा तो मोठा आहे. आज अडीच-तीन रुपयांचा करार झाला, तर पंचविसाव्या वर्षीही भाव तोच, कारण उन्हाचा दर जकार्तात किंवा मॉस्कोत ठरत नाही. महागाईच्या हिशोबात तो भाव दर वर्षी उतरतच जातो. म्हणून ‘हरित ऊर्जेमुळे वीज महागली’ असं कुणी सांगितलं, तर आधी त्यांना इंधन समायोजनाची ओळ दाखवा.

मात्र सौरविजेला एक मोठी अडचण आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. ऐरोलीला राज्याचं भार प्रेषण केंद्र आहे. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून, कुठला प्रकल्प किती चालवायचा ते तिथे ठरतं. वीज जितकी वापरली जाते तितकीच त्या क्षणी तयार व्हावी लागते. कमी-जास्त झालं की ५० हर्ट्झची वारंवारता ढळते, आणि फार ढळली की काळोख. आता या केंद्रातला उन्हाळ्यातला दिवस डोळ्यांपुढे आणा. सकाळी नऊनंतर सौरवीज चढू लागते. दुपारी बारा-एकला ती भरपूर होते आणि कोळशाचे संच खाली आणावे लागतात. पण त्यांना पूर्ण विझवता येत नाही. बॉयलर थंड पडला तर संध्याकाळी तो वेळेत तापत नाही, म्हणून संच ५५ टक्क्यांच्या आसपास धुगधुगत ठेवतात. चार वाजल्यापासून सौरवीज ओसरते. सातला ती शून्य होते, आणि नेमक्या त्याच वेळी घराघरांत दिवे, पंखे, टीव्ही, वातानुकूलन यंत्रं सुरू होतात. दोन-तीन तासांत प्रचंड वीज दुसरीकडून उभी करावी लागते. देशाच्या वीजबाजारात याचा आरसा दिसतो : उन्हाळ्यातल्या एखाद्या दुपारी युनिटचा भाव रुपयाच्याही खाली घसरतो, आणि त्याच संध्याकाळी तो १० रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. तीच वीज, सहा-सात तासांचं अंतर.

या संध्याकाळच्या घाईत महाराष्ट्राला हात देते ती कोयना. १,९६० मेगावॉटचा हा प्रकल्प काही मिनिटांत पूर्ण ताकदीने उभा राहू शकतो. बॉयलर तापवायचा नाही, फक्त पाणी सोडायचं. म्हणूनच ते पाणी दिवसभर न वापरता गरजेच्या तासांसाठी राखतात. पण कोयनेचं पाणी पश्चिमेकडे वळवायला कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे आणि पूर्वेकडच्या शेतीचाही त्यावर हक्क आहे. एकट्या कोयनेवर सगळ्या राज्याची संध्याकाळ निभावणार नाही.

दुसरा मार्ग उदंचनाचा. अकोले तालुक्यात घाटघरला वर एक धरण आहे आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी शहापूरच्या बाजूला दुसरं. वीज जास्त असेल तेव्हा खालचं पाणी पंपाने वर चढवायचं, कमी पडेल तेव्हा ते खाली सोडून वीज काढायची. या व्यवहारात साधारण पाचवा ते चौथा हिस्सा वीज वाटेत जाते, पण वाया जाऊ पाहणारी दुपार संध्याकाळी कामाला येते. घाटघरची क्षमता २५० मेगावॉट आहे. सह्याद्रीच्या कड्यांचा असा उतार आपल्याकडे आहेच; तरी एवढ्या वर्षांत घाटघरसारखी कामं बोटांवर मोजण्याइतकीच झाली, याची मला खंत वाटते.

तिसरा मार्ग बॅटऱ्यांचा, आणि इथे खरोखर चांगली बातमी आहे. मोठ्या बॅटरी प्रकल्पाचं भाडं २०२२ च्या लिलावात मेगावॉटमागे महिन्याला १० लाख रुपयांच्या वर होतं. २०२५ पर्यंत ते त्याच्या चौथ्या हिश्श्याच्याही खाली उतरलं. म्हणजे ‘सौर अधिक बॅटरी’ ही जोडी आता नव्या कोळसा प्रकल्पाशी टक्कर देऊ लागली आहे. मात्र बॅटरी आणि पारेषण वाहिन्या सौर पॅनेलच्या वेगाने वाढायला हव्यात. राजस्थानात २०२५ मध्ये वाहिन्या अपुऱ्या पडल्या म्हणून तयार झालेली सौरवीज सोडून द्यावी लागली. लिलावाच्या विक्रमी भावाची बातमी पहिल्या पानावर येते. रखडलेल्या वाहिनीची येत नाही.

राहता राहिला शेतीचा भाग. राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या सुमारे ४४ लाख कृषिपंपांना एप्रिल २०२४ पासून वीज मोफत आहे. हा खर्च काही सरकार भरतं, काही उद्योग, दुकानं आणि वरच्या टप्प्यातली घरं चढ्या दराने भरतात. शेतकऱ्याला स्वस्त वीज मिळू नये असं मी म्हणणार नाही. पण वर्षानुवर्षं त्याला ती मिळाली कशी? आठवड्यातले काही दिवस दिवसा, उरलेले रात्री. जुन्नर-आंबेगावकडे उसाला पाणी द्यायला रात्री बॅटरी घेऊन बांधावर जायचं म्हणजे बिबट्याच्या वाटेवर जायचं. इतर ठिकाणी साप आणि विंचू. पिकाला पाणी दुपारी बाराला दिलं काय आणि रात्री दोनला दिलं काय, विहिरीवरच्या मोटारीला फरक पडत नाही. सौरवीज जेव्हा भरपूर तेव्हाच पंप चालवता येतात, इतकी जुळणारी जोडी दुसरी नाही. २०१७ साली राळेगणसिद्धीतून सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना याच विचारावर उभी आहे : उपकेंद्राजवळ छोटा सौर प्रकल्प, तीन रुपयांच्या आसपास वीज, तिथूनच पंपांना वीज नेणारी वाहिनी, म्हणजे फीडर, आणि दिवसा पाणी. लांबच्या वाहिन्यांचा खर्च वाचतो आणि अनुदानाचा बोजाही हलका होतो. महाराष्ट्राच्या ऊर्जाधोरणातलं सगळ्यात शहाणं पाऊल कुठलं असं विचारलंत, तर मी हेच सांगेन. तुमच्या बिलातला दिलासाही पुढच्या काही वर्षांत आला, तर बराचसा याच वाटेने येईल.

प्रश्न : आमचा जिल्हा कोळशावर जगतो. एकीकडे कोळसा जाणार म्हणतात, दुसरीकडे नवीन खाणी उघडतात. नक्की खरं काय? (एक वाचक, चंद्रपूर)

उत्तर : दोन्ही खरं आहे, आणि म्हणूनच तुमच्या जिल्ह्याची चिंता रास्त आहे. ग्लासगोच्या परिषदेत २०२१ साली भारताने २०३० पर्यंत ५०० गिगावॉट बिगर-जीवाश्म क्षमतेचं आणि २०७० पर्यंत नक्त शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट जाहीर केलं. २०२५ च्या मध्यावर निम्मी स्थापित क्षमता बिगर-जीवाश्म झालीसुद्धा. पण क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष निर्मिती वेगळी. सौर पॅनेल रात्री झोपतं, कोळशाचा संच झोपत नाही. त्यामुळे प्रत्यक्ष विजेत कोळशाचा वाटा अजून सत्तर टक्क्यांच्या घरात आहे, आणि २०२४-२५ मध्ये देशाने पहिल्यांदाच वर्षात १०० कोटी टनांहून जास्त कोळसा काढला.

चंद्रपूरच्या वीज केंद्राचाच हिशोब मांडू. क्षमता २,९२० मेगावॉट. पूर्ण ताकदीने चोवीस तास चाललं तर सुमारे सात कोटी युनिट. एका युनिटला साधारण सातशे ग्रॅम कोळसा लागतो, म्हणजे दिवसाला ४९ हजार टन. एका मालगाडीत चार हजार टनांच्या आत कोळसा मावतो. तेव्हा एका दिवसाला बारा-तेरा मालगाड्या भरतील. एवढा पसारा पाच-दहा वर्षांत नाहीसा होणार नाही. मात्र या केंद्राचं काम बदलत जाईल. दिवसभर भरधाव चालण्याऐवजी दुपारी मंद आणि संध्याकाळी जोरात. जुने संच आधी जातील. चंद्रपूरचे २१० मेगावॉटचे पहिले दोन संच बंद झालेच आहेत.

संच बंद होतो तेव्हा कायम कामगाराची बदली होते. राख उचलणारा, वॅगन रिकामी करणारा कंत्राटी मजूर, फाटकाबाहेरचा चहावाला, ट्रकचा चालक यांची बदली कुठेही होत नाही. धोरणाच्या कागदांत मला सर्वांत जास्त खटकतं ते यांचं नसणं. पैसा नव्हता असंही नाही. २०१० मध्ये कोळशावर टनाला ५० रुपये अधिभार बसला, तो स्वच्छ ऊर्जेसाठी. २०१६ पर्यंत तो ४०० रुपये झाला. जीएसटी आल्यावर २०१७ मध्ये त्याची जागा राज्यांच्या नुकसानभरपाईच्या उपकराने घेतली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो उपकरही काढून कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के केला गेला. या पैशातला ठरलेला हिस्सा कोळसा जिल्ह्यांतल्या नव्या रोजगारासाठी राखला असता, तर तुमचा प्रश्न आज एवढा धारदार नसता. अजूनही जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आहे. तो सभामंडप आणि कमानींवर न जाता प्रशिक्षणावर, खाणींनी व्यापलेल्या जमिनीवरच्या सौर प्रकल्पांवर आणि राखेच्या धुळीत आयुष्य काढलेल्यांच्या फुप्फुसांवर खर्च व्हावा, हा आग्रह ग्रामसभांनी धरायला हवा. वीस वर्षांनी धरून उपयोग नाही.

प्रश्न : मग छपरावर पॅनेल बसवावं का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : स्वतःचं छप्पर असेल, त्यावर सावली नसेल आणि महिन्याला दोनशे-तीनशे युनिट जळत असतील, तर जरूर बसवा. एक किलोवॉटला महिन्याला साधारण १२० युनिट मिळतात. फेब्रुवारी २०२४ मधल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३० हजार आणि तीन वा जास्त किलोवॉटना एकूण ७८ हजार रुपये अनुदान आहे. सोसायटीत राहत असाल, तर लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांच्यासाठी किलोवॉटमागे १८ हजार मिळतात. पॅनेल महिन्यातून दोनदा तरी पाण्याने पुसा. धूळ बसली की वीज घटते, आणि सांगली-सोलापूरकडे उन्हाळ्यात ती भरपूर बसते. पाण्याची मोटार, धुलाई यंत्र, गिरणी ही कामं दुपारी उरका. ज्यांच्याकडे पॅनेल नाही त्यांनीही ही सवय लावून घ्यावी : २०२३ च्या केंद्रीय नियमांनुसार ऊन असतानाच्या तासांत वीज स्वस्त आणि संध्याकाळी महाग अशी रचना येत आहे.

शेवटी तिघांनाही एक सांगणं. वीज कायदा २००३ नुसार दर ठरवण्याआधी महाराष्ट्र वीज नियामक आयोगाला कंपनीची याचिका जाहीर करून लोकांच्या हरकती विचारात घ्याव्याच लागतात. याचिकेचा सारांश मराठीत मिळतो आणि हरकत साध्या पत्रानेही देता येते. बहुतेक सुनावण्यांत उद्योगांचे वकील तयारीने येतात आणि घरगुती ग्राहकांच्या खुर्च्या रिकाम्या राहतात. पुढची दरवाढीची जाहिरात वर्तमानपत्रात दिसली की ती कापून ठेवा, चार शेजाऱ्यांना दाखवा, आणि बॅटरीसाठी, पारेषणासाठी, कृषी फीडरच्या सौरीकरणासाठी किती पैसे ठेवलेत ते लेखी विचारा.